युरेनस काळवंडला की कडी उजळतात

नोव्हेंबर २००२ मध्ये चिलीतल्या पारानाल पर्वतावरून युरेनसचं एक छायाचित्र घेतलं गेलं. युरोपीय दक्षिण वेधशाळेच्या 'व्हेरी लार्ज टेलिस्कोप' या नावाखाली तिथे चार मोठ्या दुर्बिणी उभ्या आहेत. त्यातल्या एका ८.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीवरच्या कॅमेऱ्यासमोर २.२ मायक्रॉन तरंगलांबीच्या आसपासचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश तेवढा आत सोडणारा फिल्टर बसवला होता. चित्रात ग्रहाचा गोळा मळकट, अंधारलेला दिसतो. त्याच्याभोवतीची कडी मात्र ठळक उठून दिसतात आणि आजूबाजूला टायटेनिया, ओबेरॉन, एरियल, अम्ब्रिएल, मिरांडा हे उपग्रह ठिपक्यांच्या रूपात चमकतात.

जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ यान याच ग्रहाजवळून गेलं, तेव्हा दृश्य प्रकाशात काढलेलं त्याचं चित्र अनेकांनी पाहिलेलं असेल. फिकट निळसर-हिरवा, गुळगुळीत गोळा. कड्यांचा त्यात मागमूस नाही. यान ग्रहाच्या ढगांपासून साधारण ८१,५०० किलोमीटरवर पोचलं होतं, तरी त्या चित्रात कडी नाहीत. आणि पृथ्वीवरून, जवळपास २९० कोटी किलोमीटर अंतरावरून काढलेल्या चित्रात ती स्वच्छ दिसतात.

त्यातही ही कडी शनीच्या कड्यांसारखी पांढऱ्याशुभ्र बर्फाची नाहीत. ती कोळशासारखी काळी आहेत. त्यांच्यावर पडलेल्या प्रकाशातला जेमतेम काही टक्के भाग ती परत पाठवतात. इतक्या काळ्या वस्तू अवरक्त प्रकाशात ग्रहापेक्षा उठून का दिसाव्यात? या एका प्रश्नाचं उत्तर नीट समजलं, तर गुरू, शनी, युरेनस, नेपच्यून या राक्षसी ग्रहांच्या अवरक्त निरीक्षणांचं निम्मं शास्त्र हाती येतं.

ग्रह आणि किरण, दोन्ही एकाच माणसाचे

१३ मार्च १७८१ रोजी इंग्लंडमधल्या बाथ शहरात विल्यम हर्शेल यांनी स्वतः बनवलेल्या दुर्बिणीतून युरेनस पाहिला. प्राचीन काळापासून माहीत असलेल्या ग्रहांच्या यादीत पडलेली ही पहिली भर. १७८७ मध्ये त्यांनीच त्याचे टायटेनिया आणि ओबेरॉन हे दोन मोठे उपग्रह शोधले. त्यानंतर १८०० साली ते एका वेगळ्याच कामात गुंतले होते. सूर्यप्रकाश लोलकातून जाऊ देऊन त्याचे रंग वेगळे करायचे आणि कोणत्या रंगात किती उष्णता असते ते तापमापकानं मोजायचं. जांभळ्याकडून तांबड्याकडे जाताना तापमापकाचा पारा जास्त चढत गेला. तांबड्याच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हतं तिथे तापमापक ठेवला, तर तो त्याहूनही जास्त चढला. अदृश्य किरणांचा तो पहिला पुरावा. आज त्यांना आपण अवरक्त म्हणतो.

आपण शोधलेला ग्रह आपणच शोधलेल्या किरणांमध्ये सगळ्यात जास्त बोलका होणार आहे, हे हर्शेल यांना कळण्याचा काहीच मार्ग नव्हता. विज्ञानाच्या इतिहासातला हा योगायोग मला फार प्रिय आहे.

आपल्या डोळ्यांना ०.४ ते ०.७ मायक्रॉन तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. ०.७ मायक्रॉनच्या पुढे अवरक्त सुरू होतं आणि ते काहीशे मायक्रॉनपर्यंत पसरलेलं असतं. एवढ्या मोठ्या पट्ट्यात दोन अगदी वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या आहेत आणि त्या आधी वेगळ्या करायला हव्यात.

पहिली गोष्ट परावर्तनाची. एक ते पाच मायक्रॉनच्या 'जवळच्या' अवरक्तात युरेनसकडून येणारा बहुतेक प्रकाश मुळात सूर्याचा असतो. तो तिथे जाऊन, आपटून परत आलेला असतो. युरेनसजवळ सूर्यप्रकाश पृथ्वीच्या तुलनेत सुमारे ३७० पटींनी क्षीण असतो, पण मोठ्या दुर्बिणीला तेवढा पुरतो.

दुसरी गोष्ट वस्तूच्या स्वतःच्या उष्णतेची. प्रत्येक वस्तू तिच्या तापमानानुसार किरण बाहेर टाकत असते. ती जितकी थंड, तितकी त्या किरणांची तरंगलांबी मोठी. तापमान निम्मं झालं की तरंगलांबी दुप्पट होते. इथे तापमान केल्व्हिनमध्ये मोजायचं, म्हणजे उणे २७३ अंश सेल्सिअसपासून शून्य धरून. सूर्याचा पृष्ठभाग जवळपास ५,८०० केल्व्हिनचा आहे, म्हणून त्याचा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनच्या आसपास सर्वांत तीव्र असतो. आपल्या शरीराची उष्णता साडेनऊ मायक्रॉनच्या आसपास बाहेर पडते. युरेनसचं सरासरी तापमान साठ केल्व्हिनपेक्षाही थोडं कमी आहे. त्यामुळे त्याची उष्णता पन्नासेक मायक्रॉनजवळ सर्वाधिक असते. तेव्हा 'अवरक्त चित्र' असं कुणी म्हटलं की आधी तरंगलांबी विचारावी. दोन मायक्रॉनच्या चित्रात सूर्याचा उधार प्रकाश असतो. वीस मायक्रॉनच्या चित्रात ग्रहाची स्वतःची ऊब असते.

मिथेन काय करतो

युरेनसचं वातावरण प्रामुख्यानं हायड्रोजन आणि हेलियमचं आहे. त्यात दोनेक टक्के मिथेन आहे. ही मात्रा फार वाटत नाही, पण या ग्रहाचं सगळं दिसणं तीच ठरवते.

मिथेनच्या रेणूत एक कार्बन आणि त्याला जोडलेले चार हायड्रोजन अणू असतात. हे बंध स्थिर नसतात, सतत थरथरत असतात. थरथरण्याच्या त्यांच्या काही ठरावीक लयी आहेत आणि त्या लयींशी जुळणारा प्रकाश आला की रेणू तो गिळून टाकतो. या लयी मुख्यतः अवरक्तात पडतात. त्यातल्या काही दुबळ्या लयी तांबड्या प्रकाशापर्यंत पोचतात. त्यामुळे युरेनसवर पडलेल्या सूर्यप्रकाशातला तांबडा भाग कमी होऊन परत येतो आणि ग्रह निळसर-हिरवा दिसतो. जवळच्या अवरक्तात मात्र हे शोषण प्रचंड वाढतं. २.२ मायक्रॉनच्या आसपास तर मिथेनला हायड्रोजनचीही साथ मिळते, कारण दाट वायूत हायड्रोजनचे रेणू एकमेकांवर आपटताना तेही या भागातला प्रकाश शोषतात.

परिणाम असा की २.२ मायक्रॉनचा सूर्यप्रकाश वातावरणात शिरतो आणि खालच्या ढगांपर्यंत पोचून परत फिरण्याआधीच संपून जातो. दृश्य प्रकाशात युरेनस त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा जवळजवळ निम्मा भाग परत फेकतो. इथे हे प्रमाण शेकडो पटींनी खाली येतं, काही नेमक्या तरंगलांबींना त्याहूनही खाली.

कड्यांमध्ये मिथेन वायू नाही. तिथे घन तुकडे आहेत. त्यांचा काळेपणा दृश्य प्रकाशात जेवढा, साधारण तेवढाच अवरक्तात. म्हणजे कडी उजळलेलीच नाहीत. ती होती तशीच आहेत, फक्त शेजारचा दिपवणारा गोळा विझला. समोरून येणाऱ्या गाडीचा हेडलाइट बंद झाला की रस्त्याकडेनं चालणारा माणूस दिसायला लागतो, तसंच हे आहे. युरेनसच्या बाबतीत तो दिवा योग्य फिल्टर लावून आपल्याला हवा तेव्हा बंद करता येतो.

अवरक्त निरीक्षणांबद्दल लिहिताना 'अदृश्य गोष्टी दाखवणारे डोळे' असं वर्णन नेहमी केलं जातं. ते चूक नाही, पण मला ते अपुरं वाटतं. राक्षसी ग्रहांच्या बाबतीत खरी करामत झाकण्याची आहे. तरंगलांबी निवडणं म्हणजे काय लपवायचं ते निवडणं. निरीक्षक ग्रह लपवतो आणि कडी मिळवतो. ढगांचा खालचा थर लपवतो आणि वरचं धुकं मिळवतो.

ढगांची ही गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी. मिथेनचं शोषण सगळीकडे सारखं नसतं. १.६ मायक्रॉनजवळ ते कमी असतं, म्हणून तिथला प्रकाश खोलवरच्या ढगांपर्यंत जाऊन परत येऊ शकतो. २.२ मायक्रॉनला फक्त सर्वांत वरचं विरळ धुकं दिसतं. या दोन टोकांच्या मधल्या प्रत्येक तरंगलांबीला प्रकाश वेगवेगळ्या खोलीपर्यंत उतरतो. एकाच रात्री चार-पाच फिल्टरांतून चित्रं घेतली आणि ती शेजारी ठेवली, की वातावरण थराथरानं उलगडता येतं. एखादा पांढरा ठिपका सगळ्या फिल्टरांत दिसत असेल तर तो ढग खूप उंच आहे. १.६ मायक्रॉनला दिसून २.२ ला नाहीसा होत असेल तर तो खोल आहे. व्हॉयेजरला जो ग्रह जवळपास कोरा दिसला होता, त्यावरची वादळं आणि ढगांचे पट्टे पुढे पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी याच युक्तीनं टिपले.

याच पद्धतीची पुढची पायरी म्हणजे वर्णपट, प्रकाश तरंगलांबीनुसार पसरून कुठे तो किती आहे हे पाहणं. २०१८ साली हवाई बेटांवरच्या जेमिनी नॉर्थ दुर्बिणीनं घेतलेल्या अवरक्त वर्णपटात १.६ मायक्रॉनच्या जवळपास हायड्रोजन सल्फाइडच्या खुणा सापडल्या. ढगांच्या वरच्या भागात हा वायू आहे, म्हणजे खालचे ढग बहुधा त्याच्याच बर्फाचे असावेत. सडक्या अंड्याला ज्याचा वास येतो तोच हा वायू. शोषण इतकं क्षीण होतं की ते ओळखण्याआधी मिथेनचा प्रत्येक बारकावा हिशेबातून वजा करावा लागला.

कडी सापडली कशी

युरेनसची कडी सापडली ती त्याचा अभ्यास करायला गेलेल्या लोकांना अनपेक्षितपणे. १० मार्च १९७७ रोजी युरेनस एका ताऱ्यावरून सरकणार होता. तारा ग्रहाआड जाताना त्याचा प्रकाश कसा मंदावतो ते मोजलं तर वातावरणाबद्दल बरंच कळतं. अशा घटनेला पिधान म्हणतात. जेम्स इलियट, एडवर्ड डनहॅम आणि जेसिका मिंक यांच्या चमूनं हे पिधान कायपर हवाई वेधशाळेतून, हिंदी महासागरावर उडताना मोजलं. मोठ्या विमानात बसवलेली ही ९१ सेंटिमीटरची दुर्बीण मुळात अवरक्त निरीक्षणांसाठीच बांधलेली होती. तारा ग्रहामागे जायच्या आधीच काही वेळा क्षणभर मंदावला. ग्रहामागून बाहेर पडल्यावरही तो तसाच, उलट क्रमानं मंदावला. दोन्ही बाजूंची अंतरं जुळली आणि एकच अर्थ उरला. ग्रहाभोवती अरुंद कडी होती.

त्याच रात्री तमिळनाडूतल्या कावलूर वेधशाळेत जे. सी. भट्टाचार्य आणि के. कुप्पुस्वामी हेही एक मीटरच्या दुर्बिणीतून याच ताऱ्याकडे पाहत होते. त्यांनाही ताऱ्याचा प्रकाश मंदावल्याची नोंद मिळाली. ती एखाद्या नव्या उपग्रहाची असावी असा त्यांचा पहिला अंदाज होता आणि तसा निबंध त्यांनी 'नेचर'मध्ये प्रसिद्धही केला. कड्यांच्या शोधाची गोष्ट सांगताना कावलूरचं नाव बऱ्याचदा गळतं, म्हणून ते इथे मुद्दाम नोंदवतो.

पुढच्या वर्षी, एप्रिल १९७८ मध्ये, युरेनस आणखी एका ताऱ्यासमोर आला. तेव्हा चिलीतल्या लास कॅम्पानास वेधशाळेतून मापन झालं ते २.२ मायक्रॉनवर. ग्रह काळा पडल्यामुळे ताऱ्याचा प्रकाश निर्मळ मोजता आला आणि नऊ कड्यांचं चित्र स्पष्ट झालं. त्यानंतर पिधानांच्या निरीक्षणात ही तरंगलांबी नेहमीची झाली.

आज तेरा कडी माहीत आहेत. नऊ पिधानांतून, दोन व्हॉयेजरनं आणि बाहेरची दोन हबल दुर्बिणीच्या चित्रांतून मिळाली. सर्वांत ठळक आहे एप्सिलॉन कडं. त्याची रुंदी एका बाजूला वीसेक किलोमीटर, तर दुसऱ्या बाजूला शंभर किलोमीटरच्या जवळपास आहे. त्याच्या आत कॉर्डेलिया आणि बाहेर ओफेलिया हे दोन छोटे उपग्रह फिरतात आणि आपल्या गुरुत्वाकर्षणानं कड्यातले कण आवरून धरतात.

हवेचा अडथळा

पृथ्वीवरून अवरक्तात पाहणं सोपं नसतं. आपल्या हवेतली वाफ आणि कार्बन डायऑक्साइड अवरक्ताचा मोठा भाग अडवतात. १.२५, १.६५ आणि २.२ मायक्रॉनजवळ काही खिडक्या उघड्या आहेत, पुढे दहा आणि वीस मायक्रॉनजवळ आणखी. बाकी ठिकाणी भिंत. म्हणून दुर्बिणी उंच, कोरड्या डोंगरांवर नेतात. हवाईतलं मौना केआ सुमारे ४,२०० मीटर उंच आहे, पारानाल २,६०० मीटरहून अधिक. २.२ मायक्रॉनची खिडकी उघडी असणं आणि युरेनसचा मिथेन नेमका तिथेच गडद असणं, हे खगोलशास्त्रज्ञांचं मोठं भाग्य म्हणायला हवं.

दुसरा त्रास हवेच्या हलण्याचा. युरेनस आकाशात फक्त पावणेचार विकलांचा दिसतो. एक विकला म्हणजे अंशाचा ३,६०० वा भाग. हवेच्या थरथरीत एवढासा गोळा सहज पुसट होतो. आता मोठ्या दुर्बिणींमध्ये एक लवचीक आरसा असतो. तो सेकंदाला शेकडो वेळा आपला आकार बदलून ही थरथर भरून काढतो. ही दुरुस्ती दृश्य प्रकाशापेक्षा अवरक्तात जास्त चांगली होते, कारण मोठ्या तरंगलांबीला हवेचे बारीक धक्के कमी जाणवतात.

हवाईतल्या दहा मीटरच्या केक दुर्बिणीनं याचा पुरेपूर उपयोग करून घेतला. युरेनसचा अक्ष जवळपास ९८ अंशांनी कललेला आहे, म्हणजे हा ग्रह आडवा पडून सूर्याभोवती फिरतो. एक फेरी ८४ वर्षांची. त्यामुळे आपल्याला त्याची कडी कधी समोरून, तर दर बेचाळीस वर्षांनी अगदी कडेवरून दिसतात. २००७ साली ती कडेवर आली होती. कड्यांचा शोध लागल्यानंतरची ही पहिलीच वेळ. कडेवरून पाहताना नेहमी ठळक दिसणारं एप्सिलॉन कडं मंदावलं, कारण त्यातले मोठे खडे एकमेकांना झाकतात. नेहमी न दिसणारी धूळ मात्र एकावर एक साचल्यासारखी दिसून उजळली. कोणत्या कड्यात खडे आहेत आणि कोणत्यात धूळ, हे तेव्हा समजलं. शिवाय, १९८६ साली व्हॉयेजरला जिथे दिसली होती तिथे आता धूळ नव्हती. वीसेक वर्षांत तिची मांडणी बदलली होती.

केकमुळे आणखी एक मजेशीर निष्कर्ष निघाला तो सर्वांत बाहेरच्या म्यू कड्याबद्दल. हबलला ते दृश्य प्रकाशात दिसतं, पण केकला अवरक्तात दिसलं नाही. काही न दिसणं हीच इथे माहिती होती. एखादं कडं लहान तरंगलांबीला उजळ आणि मोठ्या तरंगलांबीला मंद असेल तर ते निळं आहे, आणि निळं असेल तर त्यातले कण अतिशय बारीक, मायक्रॉनपेक्षाही लहान असले पाहिजेत. असं दुसरं निळं कडं सूर्यमालेत शनीचं 'ई' कडं आहे. ते एन्सेलॅडस या उपग्रहातून उसळणाऱ्या बर्फाच्या कारंज्यांमधून तयार होतं. म्यू कड्यातून फिरणारा मॅब हा उपग्रह एवढा छोटा आहे की त्यात अशी कारंजी असण्याची शक्यता नाही. बहुधा त्याच्यावर उल्का आपटून उडणारी धूळच या कड्याला पुरते.

उष्णता मोजताना

आतापर्यंत सगळं उधार प्रकाशाबद्दल झालं. कड्यांची स्वतःची ऊब पहिल्यांदा मोजली गेली ती २०१७-१८ मधल्या निरीक्षणांत. चिलीतल्या आल्मा या मिलिमीटर लहरींच्या दुर्बिणींनी आणि व्हेरी लार्ज टेलिस्कोपवरच्या मध्य-अवरक्त कॅमेऱ्यानं मिळून एप्सिलॉन कड्याचं तापमान काढलं. ७७ केल्व्हिन, म्हणजे उणे १९६ अंश सेल्सिअस. नायट्रोजन याच तापमानाला उकळतो. हे ऐकायला भयंकर थंड आहे, पण एवढ्या अंतरावर, सगळीकडून सारख्या तापणाऱ्या खड्यासाठी गणित यापेक्षाही कमी आकडा देतं. याचा अर्थ कड्यातले खडे सावकाश फिरत असावेत आणि सूर्याकडची बाजू जास्त तापत असावी, उष्णता आत मुरत नसावी. त्यातले कण काही सेंटिमीटरचे किंवा त्याहून मोठे आहेत, बारीक धूळ जवळपास नाही, हेही या मापनांतून पक्कं झालं.

ग्रहाच्या स्वतःच्या उष्णतेचा प्रश्न मात्र जास्त खोल आहे. गुरू, शनी, नेपच्यून हे तिघंही सूर्याकडून जेवढी ऊर्जा मिळते त्यापेक्षा बरीच जास्त बाहेर टाकतात. नेपच्यून तर अडीच पटींहून जास्त. जन्माच्या वेळची उष्णता ते अजून सोडत आहेत. युरेनस आकारानं नेपच्यूनचा जुळा भाऊ शोभेल असा. पण १९८६ साली व्हॉयेजरच्या अवरक्त उपकरणानं मोजलं तेव्हा त्याच्या आतून येणारी ऊर्जा शून्याच्या इतकी जवळ होती की ती मापनाच्या चुकीत लपून जावी. जुळ्यांमधला एक तापलेला आणि एक विझलेला का, याची अनेक स्पष्टीकरणं मांडली गेली. फार पूर्वीच्या एका महाटकरीनं त्याला आडवं पाडताना आतली उष्णताही निसटली, हे त्यातलं एक.

२०२५ मध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी अनेक दशकांची मापनं एकत्र करून हा हिशेब पुन्हा मांडला. त्यांच्या मते युरेनस सूर्याकडून मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा साधारण १२ ते १५ टक्के जास्त बाहेर टाकतो. नेपच्यूनच्या तुलनेत हे अजूनही फारच थोडं आहे, पण शून्य नाही. व्हॉयेजरची भेट एकाच ऋतूतली आणि एकाच क्षणाची होती. ८४ वर्षांचं वर्ष असलेल्या ग्रहाचा जमाखर्च एका दिवसाच्या नोंदीवरून काढला तर असंच होणार.

वातावरणाच्या अगदी वरच्या थराची गोष्ट याच्या उलट आहे. तिथे शेकडो अंश सेल्सिअस तापमान आहे. हे कळतं ते तीन हायड्रोजन अणूंच्या धनभारित रेणूमुळे. तो तीन ते चार मायक्रॉनच्या दरम्यान स्वतः प्रकाश टाकतो, आणि त्या भागात खालचा मिथेन सूर्यप्रकाश गिळत असल्यामुळे पार्श्वभूमी गडद असते. पुन्हा तीच झाकण्याची युक्ती. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला हा रेणू युरेनसवर सापडला आणि त्यानंतरच्या मापनांमध्ये हा वरचा थर सतत थंड होत गेलेला दिसला. २००६ साली केक दुर्बिणीनं घेतलेल्या वर्णपटांचा नव्यानं अभ्यास करून युरेनसच्या अवरक्त ध्रुवीय प्रकाशाची खात्री पटली ती २०२३ मध्ये. माहिती सतरा वर्षं संग्रहात होती.

उपग्रह आणि वेब दुर्बीण

उपग्रहांकडे पाहताना दिवा झाकण्याची पद्धत उपयोगी पडतेच, पण खरा फायदा वर्णपटाचा होतो. पाण्याचा बर्फ दृश्य प्रकाशात ओळखणं कठीण असतं. जवळच्या अवरक्तात मात्र तो वर्णपटात १.५ आणि २ मायक्रॉनजवळ रुंद खड्डे पाडतो. युरेनसच्या पाचही मोठ्या उपग्रहांच्या वर्णपटात हे खड्डे आहेत.

एरियलवर आणखी काही आहे. सुमारे १,१६० किलोमीटर व्यासाच्या या उपग्रहावर कार्बन डायऑक्साइडचा बर्फ असल्याचं पृथ्वीवरच्या दुर्बिणींनी आधीच दाखवलं होतं, तेही विशेषतः कक्षेत फिरताना मागे राहणाऱ्या बाजूवर. जेम्स वेब अवकाश दुर्बिणीच्या वर्णपटांवरून २०२४ मध्ये जे प्रसिद्ध झालं ते जास्त चकित करणारं होतं. हा थर काही ठिकाणी दहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड असावा आणि त्यासोबत कार्बन मोनॉक्साइडही आहे. कार्बन मोनॉक्साइड एरियलच्या तापमानाला टिकायला नको. तो त्याहून कितीतरी जास्त थंडीत गोठतो, म्हणून तो उडून जायला हवा. अजून सापडतो आहे, म्हणजे कुठून तरी त्याचा पुरवठा चालू आहे. युरेनसच्या चुंबकीय क्षेत्रातले वेगवान कण बर्फावर आदळून त्याचे रेणू तोडत असतील. किंवा आत कधी काळी द्रव पाणी होतं, कदाचित अजूनही असेल, आणि तिथली रसायनं भेगांमधून वर येत असतील. मला दुसरी शक्यता जास्त मोहवते, पण आजच्या पुराव्यावर कौल देता येत नाही.

वेब दुर्बीण पृथ्वीपासून साधारण १५ लाख किलोमीटरवर आहे. हवेची भिंत नाही, थरथर नाही. साडेसहा मीटरचा सोन्याचा मुलामा दिलेला आरसा पाच पदरी छत्रीच्या सावलीत पन्नास केल्व्हिनच्याही खाली ठेवलेला. हा थंडावा आवश्यकच आहे, कारण दुर्बीण स्वतः उबदार असेल तर तिचीच उष्णता तिच्या कॅमेऱ्यात भरेल. फेब्रुवारी २०२३ मध्ये तिनं युरेनसकडे पाहिलं. १.४ आणि ३ मायक्रॉन हे दोन फिल्टर, एकूण फक्त बारा मिनिटांचा उजेड, आणि तेरापैकी अकरा कडी एका चित्रात. सूर्याकडे वळलेल्या उत्तर ध्रुवावर पांढुरकी टोपी दिसली. ही टोपी उन्हाळा जवळ आला की दिसते आणि नंतर ओसरते. या चित्रातले निळे-केशरी रंग नैसर्गिक नाहीत, हे लक्षात ठेवायला हवं. १.४ मायक्रॉनला निळा आणि ३ मायक्रॉनला केशरी रंग दिलेला आहे. पण रंग नेमून दिलेले असले तरी त्यातला फरक खरा आहे. कुठे कोणती तरंगलांबी जास्त उजळ आहे, हे त्यातून अचूक कळतं.

२ फेब्रुवारी २०२५ रोजी याच कॅमेऱ्यानं चाळीस-चाळीस मिनिटांची दहा चित्रं घेतली. त्यांत एक नवा ठिपका निघाला. साधारण दहा किलोमीटर व्यासाचा उपग्रह, ग्रहाच्या केंद्रापासून ५६,००० किलोमीटरवर, ओफेलिया आणि बियांका यांच्या कक्षांच्या मधे. ज्ञात उपग्रहांची संख्या त्यामुळे २९ झाली. व्हॉयेजर याच परिसरातून गेलं होतं, तरी तो त्याला सापडला नव्हता. उपग्रह आणि कडी यांची इतकी दाटी असलेल्या या पट्ट्यात असे आणखी काही तुकडे निघाले तर मला आश्चर्य वाटणार नाही. यातले काही उपग्रह फुटून कडी बनली असतील आणि कड्यांतूनच काही पुन्हा गोळा झाले असतील.

या सगळ्या निरीक्षणांना एक भौमितिक मर्यादा आहे आणि ती कितीही मोठी दुर्बीण बांधून सुटणार नाही. व्हॉयेजर पोचलं तेव्हा ग्रहाचा आणि उपग्रहांचाही दक्षिण ध्रुव सूर्याकडे होता. त्यामुळे उपग्रहांचे नकाशे आपल्याकडे आहेत ते दक्षिणेकडच्या अर्ध्या भागाचे. उत्तरेकडचा भाग तेव्हा रात्रीत होता. आता उलट आहे. या दशकाच्या अखेरीस उत्तरेचा उन्हाळा भरात येईल आणि आपले अवरक्त वर्णपट आहेत ते मुख्यतः उत्तरेकडच्या बाजूचे. एरियलवर जिथे दऱ्या आणि भेगा दिसल्या त्या भागाचं रसायन आपल्याला नीट माहीत नाही. जिथलं रसायन माहीत आहे तिथला नकाशा नाही. व्हॉयेजरवर पृष्ठभागाचं जवळच्या अवरक्तात मापन करणारं उपकरणही नव्हतं.

युरेनसवरून पाहिलं तर पृथ्वी कायम सूर्याच्या तीन अंशांच्या आतच असते. म्हणून आपल्याला त्याची उजळलेली बाजूच दिसते आणि साधारण २०५० पर्यंत त्याचा दक्षिण ध्रुव आपल्यापासून वळलेलाच राहणार आहे. २०२२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींनी पुढच्या दशकासाठीच्या मोठ्या ग्रहमोहिमांमध्ये युरेनसभोवती फिरणाऱ्या यानाला पहिलं स्थान दिलं. असं यान ग्रहाच्या मागे जाऊ शकेल. रात्रीच्या बाजूला सूर्यप्रकाश नसतो, त्यामुळे तिथे काही झाकावंही लागत नाही. एरियलच्या अंधाऱ्या दक्षिणेतली एखादी भेग आजूबाजूच्या बर्फापेक्षा काही अंशांनी उबदार असेल, तर लांब तरंगलांबीच्या अवरक्त उपकरणाला ती तिथूनच दिसेल.